तेरावा महिना

वडशाच्या स्टँडमागे नाकाड्याच्या मोबाईल दुकानात
पंखा फक्त मालकाकडे तोंड करून फिरतो.
काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "पोस्टपेड करून घ्या जी मावशी,
आधी बोला, मग भरा,
इनकमिंग म्हणून बंद पडणार नाही."
थांब बाबा, म्हटलं. हिशेब करू दे.

दिवाळी ते होळी माझ्याकडे पैसा असतो.
रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटे पाचला पडतो,
मी कधी वकिलीण, कधी सवत, कधी आंधळी माय,
मग खोबरेल तेलानं तोंड पुसून
गाडीत सात जणींच्या मध्ये, पेटी मांडीवर, पुढचं गाव.
तेव्हा मी मोठा पॅक मारते.
सिंदेवाहीला पोरीला व्हिडिओ लावते:
बघ, आज शालू आहे.

होळी झाली की मोहफुलं.
मे महिन्यात तेंदूपत्ता, पुडक्यांच्या मोजणीवर.
मग रोवणा.
चिखलात वाकलेली बाई फोन उचलत नाही,
तो बांधावर शिदोरीच्या फडक्यात वाजून वाजून गप्प होतो.

पोस्टपेडचं बिल सात तारखेला येतं.
सात तारखेला माझ्याकडे काय येतं?
महिना हा पगारदाराचा असतो.

आणि प्रीपेडचा महिना अठ्ठावीस दिवसांचा.
भिंतीवर खडूनं रेघा मारून पाहिल्या मी,
वर्षाचे तेरा होतात.
आमचा धोंडा तीन वर्षांनी येतो,
कंपनीचा दरवर्षी,
जावई समजून वाण द्यायचं मुकाट.

"म्हणून तर म्हणतो, करार करा," पोरगा म्हणतो.
करार मला माहीत आहे.
दसऱ्याला मंडळाच्या ऑफिसात सही करते मी:
इतके प्रयोग, इतकी नाईट,
ताप आला तर अर्धी.
बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो
आणि चष्मा लावलेली हिरोईन कोणी घेत नाही.

पण खरं सांगू?
मागच्या श्रावणात पॅक संपला, मी भरला नाही.
दीड महिना फोन नुसता घड्याळ होता.
तेवढ्यात रामटेके मॅनेजरनं तीनदा लावला,
नव्या नाटकातली थोरली माझ्यासाठी ठेवली होती.
तिन्ही वेळा त्याला ती बाई बोलली,
"या क्रमांकाची सेवा तात्पुरती बंद आहे."
आवाज चांगला आहे तिचा. खणखणीत.
माईक गेला तरी शेवटच्या ताडपत्रीपर्यंत पोचेल.
तिनंच खाल्ली माझी थोरली.
ती गेली हेमलता शेंडेला.
मी तिकीट काढून पाहिलं, मागे बसून, तोंडाला पदर लावून.
बरी करते.
तिसऱ्या अंकात उगाच रडते.

पोरगा फॉर्म पुढे सरकवतो. पेन त्याच्या दोरीला बांधलेलं.
मी विचारते, दोन महिने नाही भरलं तर?
"मग वसुलीचे फोन येतात जी."
म्हणजे इनकमिंग खरंच बंद नाही पडत.
तो हसतो. मीही.
मालकसुद्धा पंख्यातून मान बाहेर काढतो.

छोटा मार, म्हटलं. अठ्ठावीसवाला.

तिथून सरळ मंडळाच्या ऑफिसात गेले.
हंगाम नव्हता, रामटेके एकटाच पोस्टरांच्या गठ्ठ्यावर झोपलेला.
त्याची वही मागितली,
माझ्या नंबराखाली दुसरा नंबर लिहिला:
निर्मला गहाणे, अंगणवाडी, हातपंपाजवळ.
तिला कामासाठी लागतो, तिचा चालूच असतो.
"काऊन? तुमचा नाही का?"
आहे ना जी. पण माझा कधी असतो, कधी नसतो.

पायरी उतरताना मेसेज आला.
वैधता एकवीस ऑगस्ट.
तोवर रोवणा संपेल.
नाहीतर नाही संपणार, पाण्यावर आहे.