सातशे ग्रॅम

कपाट मीच रिकामं करावं
असं तिनं लिहून ठेवलं होतं.
संचालकांच्या खोलीची किल्ली देताना
कारकून मुलगी दोनदा विचारते,
तुम्ही त्यांचे कोण?
डाग देणारा, मी सांगतो.
तारांना. कथलाचा.

बासष्ट साली तोर्दिस हाल्सने
आमच्या बेटावर बोटीतून उतरली.
एका हातात बॅग,
दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं यंत्र,
ओली बाळंतीण धरते तसं, मानेखाली हात देऊन.
धक्क्यावर कॉड माशांची मुंडकी वाळत टांगलेली.
वास आला असणारच. पण तिनं विचारलं,
इथे वीज किती वाजता जाते?

उत्तरेचा प्रकाश नाचत असताना शिट्टी वाजवू नये,
खाली येतो आणि उचलून नेतो,
एवढं आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक.
तोर्दिसनं शिट्टी कधी वाजवली नाही.
ती थेट अग्निबाण सोडायची.

पहिला बाण बावन्न सेकंद बोलला
आणि मुका झाला.
कागदाच्या पट्टीवर शाई
सरळ रेघ ओढत राहिली,
ओढतच राहिली,
बंद करायला कुणाचा हात उठेना.
तो डाग माझा होता. कच्चा राहिलेला.
मी तसं म्हणालो, सगळ्यांसमोर.
तिनं नोंदवही ओढली, लिहिलं:
दोष: थंडी.

दोन वर्षांनी एडवार्टच्या जाळ्यात
बाणाचं नाक सापडलं,
आत कालवं, आणि एक खेकडा
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूसारखा.
फाटल्या जाळ्याचे त्यानं तीनशे क्रोनर मागितले.
तिनं स्वतःच्या पाकिटातून मोजून दिले
आणि पावती मागितली.
सरकारी फाइलीसाठी नव्हे.
आजवर आमच्या कामाची कुणी पावती दिली नाही, म्हणाली.

मग राजधानी. मग संशोधन संचालक.
बोटांचा राळेचा वास गेला, शाईचा आला.
फोनवर मात्र पहिला प्रश्न तोच:
वारा कुठला आहे?

उपग्रहाचं वजन वाढलं त्या वर्षी
परदेशातून तार आली: सातशे ग्रॅम कमी करा.
काढण्याजोगी यंत्रं दोनच.
एक आयविंडचं; वय एकोणतीस, कान लाल.
दुसरं तिचं; अकरा वर्षांचं,
त्यातला प्रत्येक सांधा माझ्या हातचा.
बैठकीत तिनं एवढंच विचारलं,
कोणतं यंत्र आपल्याला माहीत नसलेलं काही सांगेल?
आयविंड टेबलाकडे बघत राहिला.
खरं उत्तर त्याच्या फायद्याचं होतं,
म्हणून ते त्याच्या तोंडातून निघेना.
तुझं, तीच म्हणाली.
सही मी पाहिली आहे. कुठंही थरथरलेली नाही.
थरथरायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

त्या रात्रीच्या बोटीनं ती बेटावर आली,
काढलेलं यंत्र घेऊन,
एडवार्टच्या शेडमध्ये मासळीच्या तराजूवर ठेवलं.
सहाशे ब्याण्णव.
आठ कमी पडले, म्हणाली,
आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.
ते हसण्याचंच होतं, असं आपण धरू.
आठ ग्रॅम आता तुझ्या कथलातून काढ.
मी काढले. आयविंडच्या यंत्रातून,
थेंब थेंब खरवडून, तीन रात्री.
ते साडेचार वर्षं बोललं वरून.

आता कपाट.
वरच्या फळीवर तीनशे क्रोनरची पावती,
मधल्या फळीवर नोंदवही,
खाली, मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते.
मी मानेखाली हात देऊन उचलतो.
मुलीच्या फॉर्मवर वस्तूचं नाव लिहायला रकाना आहे,
किमतीला आहे, वजनाला आहे.
सहाशे ब्याण्णव, मी सांगतो.
ती सातशे लिहिते.