सात फूट

वेदरली रोडच्या तलावाला गळती होती,
रोजची अकरा हजार लिटर.
पाणी कुठे मुरतंय ते शोधायला
कौन्सिलनं मला पाठवलं,
आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं
की ते बऱ्याच ठिकाणी मुरतंय,
त्यातली थोडीच जमिनीखाली.

दारं तीन. दगडात कोरलेली अक्षरं:
पुरुष, पहिला वर्ग.
पुरुष, दुसरा वर्ग.
स्त्रिया.
त्यांना वर्ग नव्हता, फक्त मंगळवार.

सोमवारचं ताजं पाणी सहा पेन्सला.
गुरुवारी तेच पाणी
नळानं पलीकडे सोडायचं, दुसऱ्या वर्गात,
दोन पेन्सला.
जुन्या वहीत असं लिहिलंय, टाकानं, वळणदार.
मी वही मिटली.
उष्टं म्हणजे काय
हे मला इंग्लंडनं शिकवायला नको होतं.

गिरणीतली माणसं इथे आधी पोहायला नव्हे,
अंग धुवायला यायची.
एक टब, अर्धी साबणवडी, वीस मिनिटं.
नळाची चावी बाहेर, विल्फ ऑर्मरॉडच्या हातात.
चार नंबर, आटपा!
हिवाळ्यात तलाव उपसून वर फळ्या टाकायचे
आणि शनिवारी नाच.
डोरीन सग्डनचे आईवडील तिथेच भेटले,
रिकाम्या खड्ड्याच्या डोक्यावर.

डोरीन ब्याऐंशीची.
कौन्सिलनं तलावावर पाणी सोडलं
त्यानंतरही चौदा वर्षं
ती मागच्या दारानं येत राहिली
गळक्या छपराखाली बादल्या ठेवायला.
पोहण्याच्या तलावात,
पाणी येऊ नये म्हणून.

मग आराखडा आला.
बॉयलरच्या जागी चौतीस फ्लॅट.
कपडे बदलायच्या खोल्यांत कॉफी.
तलाव राहील, पण सगळीकडे सारखा,
एक मीटर वीस.
उतारावर नवी जमीन, खाली पोकळी.
'म्हणजे बुडायला जागाच नाही,' डोरीन म्हणाली.
मी सुरक्षिततेबद्दल काहीतरी बोललो.
'तुला पोहता येतं?'
'नाही.'
'वाटलंच.'

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी
ती कोट, बूट, पर्स, सगळ्यासकट
शिडीवरून उथळ बाजूला उतरली
आणि उतारानं चालत गेली,
एक हात भिंतीवर,
पांढऱ्या फरशांवरची धूळ पुसत.
साठ वर्षं जिच्यावरून रोज गेली
त्या जमिनीला तिचे पाय
कधी लागले नव्हते.
खोल टोकाला पोचून वर बघितलं.
काठावर निळी अक्षरं: सात फूट.
हात उंचावला.
दीड वीत कमी पडला.
'केवढं होतं गं,' असं काहीसं
ती कुणाला तरी म्हणाली.
मी टेप गुंडाळत राहिलो.

निळी फरशी जागेवरच ठेवायची, असं ठरलं. वारसा.
खाली नवी पाटी:
'इथली खोली आता ही नाही.'

उद्घाटनाला फिती, केक, महापौरांच्या गळ्यातली साखळी.
गळती शून्य. सही माझीच.
मी काठावर मोजे काढून बसलो होतो.
डोरीन सावकाश पोहत आली,
सात फुटांपाशी थांबली.
पाणी तिच्या छातीएवढं.
पण तिनं पाय खाली टाकले नाहीत.
शिटी वाजेपर्यंत
तिथेच हातपाय हलवत राहिली,
तरंगत.