एकाच नळीने

ग्रेगोरेस मागे टाकल्याला दुसरा दिवस,
आणि वारा असा की सायकल मी चालवत नव्हते,
हट्टी म्हशीसारखी शिंगं धरून ओढत होते.
सकाळपासून एकोणीस किलोमीटर.
नकाशावर एवढं अंतर नखाखाली झाकलं जातं.

मग कॅरिअरचा बोल्ट तुटला.
तंबू, पातेलं, चार दिवसांचे तांदूळ,
सगळं खडीवर आडवं.
मी शेजारी बसले आणि पातागोनियाच्या वाऱ्याला
आईवरून शिवी दिली, मोठ्यानं, मराठीत.
तीन दिवसांत पहिल्यांदा कोणाशी तरी बोलले.

पिकअप थांबली तेव्हा
माझा हात आधी खिशातल्या मिरचीच्या फवाऱ्याकडे गेला.
हे लिहायलाच हवं.
बावन्न वर्षांच्या बाईचा हात
वाट न विचारता तिथे पोचतो.

आधी कुत्रा उतरला, मग तो.
टोपी कानांपर्यंत, एक दात सोन्याचा.
मला काही विचारलं नाही.
जे विचारायचं ते सायकलला, वाकून.
गाडीतून कुंपणाच्या तारेचा तुकडा काढला,
पकडीनं तीन वेढे, चौथा उलटा,
आणि हलवून पाहिलं,
लहान मुलाचा दात पडायला आलाय का
ते बघतात तसं.

नाव ओरोसिंबो किलोद्रान.
मेंढ्यांची कातरणी उरकलेली, छपरी रिकामी,
तिथे झोप, हे त्यानं
गालाखाली तळवा ठेवून सांगितलं.

आत लोकरीचा ओशट वास, खांबसुद्धा हाताला तुपकट.
चुलीवर किटली. पाणी उकळू द्यायचं नाही,
गुणगुणायला लागलं की उतरवायचं.
भोपळ्याच्या टणक वाटीत हिरवा पाला,
पाल्यात रोवलेली धातूची नळी.
तो प्यायला. पुन्हा भरली. माझ्यापुढे धरली.
तीच नळी.

मी वरून पाणी पिणाऱ्या घरातली.
माझी आत्या एक कप वेगळ्या खिळ्याला टांगायची.
कोणासाठी, ते ती सांगायची नाही
आणि आम्हाला माहीत असायचं.
नळी ओठांत धरली. गरम होती.
कडू, मग गवत, मग आणखी कडू.
वाटी परत देताना म्हटलं, ग्रासियास.
मला येणाऱ्या सात शब्दांतला सगळ्यांत सभ्य.

त्यानं मान डोलावली
आणि पुढची वाटी स्वतःच प्यायला.
त्यापुढचीही.
कुत्र्यानं माझ्याकडे पाहिलं.
काहीतरी चुकलं होतं.

बऱ्याच वेळानं त्याची बहीण आली, देल्मिरा,
हात कोपरापर्यंत पिठात.
तिनं सांगितलं, अर्धं बोलून, अर्धं वाटी हलवून:
ग्रासियास म्हणजे पुरे.
म्हटलंस की फेरीतून उठलीस.
हवं असेल तोवर गप्प राहायचं.
आणि पिठाचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

आमच्याकडेही आभार शेवटीच येतात,
भाषणं संपल्यावर, सतरंज्या गुंडाळायच्या आधी.
आईचे मी कधी मानले नाहीत.
मानले असते तर तिनं
माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

मी हात पुढे केला. वाटी आली.
नऊ की दहा वेळा, मोजल्या नाहीत.
छपराचा एक पत्रा रात्रभर आपटत होता.

पहाटे दोघं मेंढरांकडे निघून गेलेली.
उपड्या ताटलीखाली चार तळलेल्या जाड पुऱ्या,
त्यांतली एक कडेनं कुरतडलेली, बहुधा कुत्र्यानं.
नोट काढली, घडी केली,
ताटलीखाली सरकवली, परत खिशात घातली.
बरोबर केलं का, अजून कळत नाही.

वारा कालचाच.
तार प्रत्येक खड्ड्यात करकरते.
कालाफातेच्या दुकानात बोल्ट मिळेल म्हणतात.
निघताना मी काही बोलले नाही,
त्या रिकाम्या छपरीलासुद्धा नाही.
म्हणजे मी अजून फेरीत आहे.