सुतक

नाव मल्लेशमने ठेवलं, सुतक.
म्हणाला, त्यात सूत पण आहे बे,
आपल्या घरात दुसरं असतंय काय.

पहिली कॅसेट साखर पेठेत,
माग विकून रिकाम्या झालेल्या शेडात.
यंत्रं गेली तरी त्यांचे बोल्ट
फरशीतून चार-चार बोटं वर आलेले.
त्यांत ठेचकाळत रेवण्णाने हलगी शेकली
चिंध्या पेटवून.
जळक्या चादरीचा वास सुटला.
टेपवर वास येत नाही म्हणतात,
मला पहिल्या मिनिटाला येतो.

तेव्हा फार मोठ्यानं वाजवायचो.
काळे सदरे, कपाळाला राख,
लिंबू कापून दिव्यात पिळायचं वगैरे.
भीती दाखवायची हौस होती,
कुणाला ते ठरलं नव्हतं.
अक्कलकोट रोडला सतरा माणसं आली,
पाच नातेवाईक.
एकानं हळूच विचारलं,
कोण वारलं?

मग मंगळवार बाजारातली पेटी,
साडेसहाशेला.
तिची एक काळी पट्टी दाबलेलीच राहायची,
भाता हलला की तो सूर आपसूक सुरू.
दुरुस्त केली नाही.
दोन वर्षं त्या सुराला धरून बसलो,
वाकड्या खांबाला धरून घर उभारावं तसं.
मल्लेशमचा आवाज उतरत गेला,
मराठीतून तेलुगूत,
तेलुगूतून नुसत्या हुंकारात.
रेवण्णा काठी घरी ठेवून यायचा.

मग त्याचे वडील गेले, खरंच.
दहा दिवस पेटीवर चादर,
हलगी खुंटीला.
आमच्या नावाची
आम्हालाच लाज वाटली थोडी.

अकराव्या दिवशी पोशव्वाने
सूप मांडीवर घेतलं.
मी मशीन चालू केलं होतं
फक्त सेल बघायला.
कात्री पानात शिरते, कर्र.
तंबाखू, वळण, दोरा.
ओठांतल्या ओठांत मोजणी,
ओकटी, रेंडु, मूडु,
पंचवीस झाले की कट्टा.

चाळीस मिनिटं आहे ते.
शेजारचा कुकर दोनदा शिट्टी देतो,
तसाच ठेवला.
रेवण्णाने ऐकलं, विचारलं,
यात मी कुठं येऊ?
मल्लेशम चहा गाळत होता.

एकविसाव्या मिनिटाला
एकोणीसवर ती अडकते.
बराच वेळ कात्रीसुद्धा नाही.
मग नाक ओढते,
आणि पुन्हा, ओकटी.