जवळ्याचा वास

परत आलो तेव्हा नाट्यात कुणी थंडीचं विचारलं नाही.
रझियाभाभी म्हणाली, तिथे मासळी मिळते का?
मिळते, म्हटलं. आपल्याला नाही.

तेरा महिने मी भारती स्थानकाचे जनरेटर सांभाळले.
दाराबाहेर काळपट दगड, जांभा ज्याच्यापुढे कालचं पोर,
आणि दगडामागे बर्फ,
एवढा जाड की आपला अख्खा सडा त्यात पुरला
तर वर साधा खळगाही पडायचा नाही.

मार्चमध्ये समुद्र थिजायला लागला.
आधी तेलकट तवंग, मग घावनं,
गोल गोल, एकमेकांना घासून कडा उचललेली.
आणि एका पहाटे मी दचकून उठलो,
वाटलं, मशीन बंद पडलं.
मशीन चालू होतं.
लाट बंद पडली होती.

जूनमध्ये सूर्य नाहीच.
पायाखालच्या बर्फातून सील शीळ घालायचे.
डॉक्टर लालरिनपुई म्हणाली,
श्वासाचं भोक मिटू नये म्हणून
ते दातांनी बर्फ किसत राहतात, हिवाळाभर,
आणि दात झिजले की
पुढचं ती बोलली नाही.
त्या रात्री मटण होतं. हाडं कुणी फोडली नाहीत.

पेंग्विन आले ऑक्टोबरात, पोटावर घसरत.
घरटं म्हणजे खड्यांचा ढीग,
आणि शेजाऱ्याची पाठ वळली की त्याचा खडा आपला.
मला हसू आवरेना.
आमच्या गडग्याचे चार दगड
राजापूरच्या कोर्टात बावीस वर्षं पडून आहेत.

नोव्हेंबरात वारा फिरला
आणि वास आला.
बाकीच्यांनी नाकं धरली.
मी तिथेच दगडावर बसलो.
खळ्यावर सुकत घातलेला जवळा,
ऊन, फाटकी जाळी, कावळे हाकणारी आई,
पृथ्वीच्या तळाशी
सगळं त्या पक्ष्यांच्या विष्ठेत.
ते खातात तोही जवळाच,
आपल्यापेक्षा लांबडा, तांबूस.
देवमासाही त्याच्यावरच पोसतो.

डिसेंबरात दगडांच्या फटीत एक पाखरू दिसलं,
चिमणीपेक्षा थोडं मोठं, काळं,
शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा.
अंडं एकच. मी फोटो काढला,
वाटलं, हे बघणारा गावातला पहिला मीच.

काल नारळीनंतरची दुसरी फेरी. लतीफ तांडेलाच्या बोटीवर
इंजिनाची नळी गळत होती, म्हणून मी.
पंधरा वाव पाण्यात जाळं ओढलं
आणि मागे तेच पाखरू,
पाय लोंबते सोडून लाटेवर टपटप
चालल्यासारखं.

मी ओरडलो. लतीफने मानसुद्धा वळवली नाही.
ह्यो? ह्यो दरसाल येतो.
बापाच्या वेळेपास्नं बघतोय.
जातो कुठं, म्हायत नाय.

माझ्या हाताला डिझेल होतं.
मी सांगणार होतो. मग त्याने
जाळ्यातला चिमूटभर जवळा उचलून
मागे पाण्यात टाकला, सवयीने,
आणि म्हणाला, नळी झाली काय?