चार बोटं हवा

ग्युम्रीत, स्टेशनाच्या उतारावर माझं दुकान.
दुकान म्हणजे एक लांब फळी, एक शेगडी, पुठ्ठ्यांची थप्पी
आणि साडेचारला कुरियरचा आर्तुश येईपर्यंत
उरलेला दिवस.

सत्तावीस वर्षं लोकांना एकच सांगत आलोय :
वस्तू धक्क्यानं फुटत नाही, पोकळीनं फुटते.
खोका भरला की कानाशी धरून हलवायचा.
आत काही बोललं तर पुन्हा उघडायचा,
कोपऱ्यांत कोंबायचे जुने पेपर, लोकरीची कातरणं,
एकदा तर माझाच मोजा,
आणि परत हलवायचा.
मुका झाला, की चिकटपट्टी.

तसबिरीच्या काचेवर मी कागदी पट्टीची फुली मारतो.
फुटलीच, तर तुकडे एकमेकांना धरून राहतात,
चित्राच्या अंगावर जात नाहीत.
फुग्यांचं प्लास्टिक थेट रंगाला लावत नाही :
उन्हात गाडी थांबली तर रंगावर वण उठतात
देवी आल्यासारखे.
आधी गुळगुळीत कागद, मग पुठ्ठा, मग फुगे,
मग खोका, आणि खोक्याला बाहेरून आणखी एक खोका.

परवा त्सोघिक आली.
दारात बर्फ झटकायचंही तिला सुचलं नाही.
दोन्ही हातांवर कॅनव्हास आडवा,
भरली परात धरावी तसा.
“नेर्सेसचं शेवटचं. ओलं आहे अजून.
रोसारियोला पाठवायचंय, त्याच्या लेकीला.”

म्हटलं, तेलरंग आहे. वाळू दे सहा महिने.
ती म्हणाली, “आणि सहा महिने मी काय करू?
हे बघत बसू?”

बघण्यासारखं त्यात फार नव्हतं.
एक निळा स्टूल. मागे भिंत, तीही अर्धीच.
उजव्या कडेला अंगठ्याचा ठसा,
उचलताना उमटलेला, रेषा न् रेषा ताजी.
“एवढा तरी पुसू देऊ नकोस.”

रात्री फळीसमोर बसून राहिलो.
कागद टेकला तर चिकटणार. कापड टेकलं तर ठसा जाणार.
आयुष्यभर जे शिकलो, ते सगळं टेकवण्याचंच.

तिसरीत होतो मी, जमीन हलली तेव्हा.
छत आलं, भिंती आल्या,
बाईंचं टेबल तेवढं चार पायांवर उभं राहिलं.
त्याखाली एक पोरगा, त्याचे गुडघे,
आणि थोडी हवा.
दुसऱ्या दिवशी वर कुणीतरी दगड हलवला.
मी आतून बोललो.
म्हणून त्यांनी उघडलं.

हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगत नाही.
धंद्याच्या उलट जातं.

उठलो. पट्ट्या कापल्या, उथळ पेटी ठोकली,
कॅनव्हासची चौकट मागून स्क्रूनं आवळली
तसूभर हलू नये अशी,
आणि झाकण बसवण्याआधी
रंगाच्या वर हात आडवा धरून मोजलं :
चार बोटं. माझी. जाडच आहेत.
तिथे काहीच भरलं नाही.
हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू.

आर्तुशनं पेटी कानाशी धरून हलवली,
ही सवय त्याला माझीच.
“आत काय?”
फॉर्मवर लिहिलं : लाकूड, कापड, रंग.
किमतीच्या रकान्याशी त्सोघिक बराच वेळ थांबली,
मग एक आकडा लिहिला, खोडला,
त्याहून लहान लिहिला.

कुरियरवाले वजन बघत नाहीत, आकारमान बघतात.
पैसे ऐकून ती म्हणाली, “एवढे? एवढ्याशा चित्राचे?”
“चित्राचे कमीच आहेत,” मी म्हणालो.
“बाकीचे हवेचे.”

तिनं घासाघीस केली नाही.
हातमोजे काढून नोटा मोजल्या, दोनदा,
आणि सुटे राहू दे म्हणाली.