तोडणी

चार वर्षं आठ महिने यादीत नाव होतं,
मग काउन्सिलचं पत्र आलं:
प्लॉट सत्तेचाळीस ब. अर्धा.
शेफील्डच्या चढावर, ट्रामच्या तारांच्याही वर,
लग्नाच्या मांडवाएवढी जमीन.

पहिल्या दिवशी खणलं तर
कोळशाची राख, बशीचा निळा टवका
आणि एक चमचा.
या गावानं जगाला चमचे पुरवले.
एखादा जमिनीतही राहिला असेल.

शेजारच्या प्लॉटवर वॉल्टर स्टॅनिफोर्थ,
एकेचाळीस वर्षं भट्टीवर, आता कांद्यांवर.
माझं नाव शालन. त्याच्या तोंडी शॅरन.
दोन उन्हाळे दुरुस्त करून पाहिलं.
मेथीला तो ‘तुझं गवत’ म्हणायचा
आणि कुंपणावरून वाकून
रोज विचारायचा, गवत कसं आहे?

मी हॉस्पिटलात रक्त तपासते, रात्रपाळीला.
नळ्यांवर नळ्या, प्रत्येकीवर लेबल,
नाव असतं, माणूस कधीच दिसत नाही.
सकाळी आठला सुटले की बूट बदलून थेट वर.
पहिल्या वर्षी मे महिन्यातल्या हिवानं दुधी नेला,
गोगलगायींनी पालक नेला,
आणि माझी साखर सहा महिन्यांत खाली आली.
मी नमुना दोनदा लावला,
मशीनवर विश्वास बसेना.

जुलैत झुकिनी इतकी सुटते
की लोक शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवून
बेल न वाजवता पळतात.
आमच्या गल्लीत कोणी कोणाशी बोलत नसे.
आता निदान
एकमेकांवर आरोप तरी करतात.
बारा नंबरची होदान माझ्याकडे बघून म्हणाली,
‘तूच ना?’
मी नाही म्हटलं. मीच होते.
मग तिनं आत बोलावून चहा पाजला, वेलची घालून,
आणि जाताना पिशवीत
दोन झुकिन्या घातल्या.

घेवडा मात्र मन लावून चढला,
आठ फुटी काठ्यांवर लालभडक फुलं.
आणि ऐन बहरात, ऑगस्टात, दादा गेला.

कराडला पाच आठवडे राहिले.
परत आले ती बॅग घरात टाकून वर.
वाटलं होतं, वेल वाळून काठ्यांवर लोंबत असेल.
वेल हिरवा होता, फुलंही होती,
शेंग मात्र एक नाही.
बोटाएवढीसुद्धा नाही.

चोरी! मी ओरडले, चक्क मराठीत.
रडायचं होतंच,
घेवड्याचं निमित्त झालं.

वॉल्टर कांद्यांतून हळूहळू उठला,
आधी एक गुडघा, मग दुसरा.
म्हणाला, ‘शेंग वेलावर निबर झाली
की वेलाला वाटतं, संपलं आपलं काम.
मग तो फुलत नाही.
म्हणून तोडत राहिलो.
एक दिवसाआड.’

त्याच्या स्वयंपाकघरात
एका माणसाला फार मोठा असा फ्रीजर.
वटाणे, अर्धा पाय, पावाच्या लाद्या,
आणि त्याखाली अकरा पिशव्या.
निवडलेल्या, चिरलेल्या,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं
शॅरन. तारीख. वजन.

मी लेबलं वाचत गेले, सवयीनं.
एकोणतीस ऑगस्ट, तीनशे ग्रॅम.
त्या दिवशी तेरावं होतं.

ती पिशवी अजून उघडली नाही.
दुसरी सोडली त्या संध्याकाळी,
मोहरी, हिंग, वरून दाण्याचं कूट,
आणि ड्युटीवर जाताना एक डबा
त्याच्या दारात ठेवला,
बेल वाजवून.

सकाळी डबा माझ्या फाटकावर अडकवलेला,
घासूनपुसून लखलखीत.
हलवला तर आत काहीतरी गडगडलं.
कांदा.

रिकामा डबा परत करू नये
हे त्याला
कोणी सांगितलं असेल?